एनव्हिडिया की एएमडी? आधी मॉनिटर दाखव

रविवारी सकाळी ताईचा फोन. "अरे, हा तुझ्याकडे यायला निघालाय. कॉम्प्युटरमध्ये कसलं तरी ग्राफिक कार्ड टाकायचंय म्हणतो, पस्तीस हजारांचं! अभ्यासाला खरंच लागतं का रे ते?" मी "येऊ दे, बघतो" म्हणून वेळ मारून नेली. अर्ध्या तासात भाचा इंदिरानगरहून दारात हजर. मोबाइलमध्ये वीसेक स्क्रीनशॉट आणि चपला काढता काढता पहिला प्रश्न, "मामा, एनव्हिडिया घेऊ की एएमडी?" म्हणजे खेळातली चित्रं पडद्यावर काढणारं ग्राफिक कार्ड कुणाचं घेऊ.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत कॅडवर डिझाइनचं काम करतो, त्यामुळे नात्यात मी 'कॉम्प्युटरवाला'. हा प्रश्न वर्षाकाठी पाच-सहा जण विचारतात. मी उलट विचारलं, "मॉनिटर कुठला आहे तुझा?" तर त्याचा चेहरा असा, की लग्नाच्या बैठकीत कोणी ओट्याची उंची विचारली.

मॉनिटरकडे येऊच. आधी त्याच्या स्क्रीनशॉटमधली नावांची खिचडी निवडून घ्यावी लागली. एनव्हिडिया, एएमडी, झोटॅक, सफायर, एमएसआय, गिगाबाइट, असूस, इंटेल अशी सगळी नावं त्याने एकाच रांगेत मांडून ठेवली होती आणि 'बेस्ट ब्रँड कोणता' म्हणून तुलना चालली होती. ही एका रांगेतली नावंच नाहीत.

आमचं गाव निफाड तालुक्यात, घरची थोडी द्राक्षबाग आहे. एकाच बागेतला थॉमसन कधी कधी दोन-तीन निर्यातदारांकडे जातो आणि दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत भरला जातो. मण्याची चव बागेतच ठरलेली असते. खोकं भरणाऱ्याच्या हातात काय? पॅकिंग किती नीट केलं, प्रीकूलिंग वेळेत झालं का, आणि माल खराब निघाला तर फोन उचलतो का. ग्राफिक कार्डाचं अगदी तसंच आहे. कार्डाच्या पोटात जी मुख्य चिप असते, जिला जीपीयू म्हणतात, ती बनवणारे खेळाडू तीनच : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. एनव्हिडियाच्या गेमिंग चिपांना जीफोर्स म्हणतात, एएमडीच्यांना रेडिऑन आणि इंटेलच्यांना आर्क. ती चिप घेऊन तिच्याभोवती बोर्ड, पंखे आणि उष्णता बाहेर टाकणारं धातूचं जाळं, म्हणजे हीटसिंक, लावून खोक्यात भरणारे वेगळे. झोटॅक, गॅलेक्स, इनोथ्रीडी हे एनव्हिडियाचा माल भरतात. सफायर आणि पॉवरकलर एएमडीचा. असूस, गिगाबाइट दोघांचाही. अमेरिकेतली ईव्हीजीए ही एनव्हिडियाची खूप लाडकी पॅकिंगवाली कंपनी होती. तिने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांचा धंदाच सोडून दिला. कार्डं घेतलेल्यांची वॉरंटी मात्र निभावत राहिली.

आणखी एक गंमत. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघींपैकी कुणाचाही स्वतःचा चिप कारखाना नाही. आज दोघींच्या गेमिंग चिपा तैवानच्या टीएसएमसीकडे बनतात; इंटेलकडे स्वतःचे कारखाने असूनही त्यांच्या आर्क चिपाही तिथल्याच. म्हणजे 'तैवानचा माल चांगला की अमेरिकेचा' हा वादही निकालात निघाला. त्यात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे दोघं मूळचे तैवानचे आणि दूरच्या नात्यातले. इंटरनेटवर यांच्या नावाने भांडणाऱ्या पोरांना हे सांगितलं की भाऊबंदकी म्हणतात ती हीच का, असं विचारतात.

मग खोक्यावरच्या नावाला किती किंमत द्यायची? चिप तीच असेल तर साध्या दोन पंख्यांच्या आणि चमचमत्या तीन पंख्यांच्या कार्डात खेळताना फरक पडतो तो दोन-चार टक्क्यांचा. 'ओसी' लिहिलेलं असतं म्हणजे कारखान्यातच चिपेचा वेग जरा वाढवून दिलेला, तोही तेवढाच. भावात मात्र पाच-सात हजारांचं अंतर सहज असतं. त्या पैशांत तुम्हाला मिळतो मोठा हीटसिंक, कमी आवाज, रंगीत दिवे. नाशिकची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीखालच्या खोलीत कार्डाचे पंखे मिक्सरसारखे ओरडतात. म्हणून हीटसिंकसाठी हजार-दीड हजार जास्त गेले तर मी जाऊ देईन. दिव्यांसाठी नाही.

आता चिपेकडे. बागेतला माल पॅकहाऊसला आला की मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून प्रतवारी होते : जाड मणी परदेशात, मध्यम इथल्या बाजारात, उरलेला बेदाण्याला. वेल एकच. चिपाही अशाच प्रतवारीने विकल्या जातात. सिलिकॉनच्या एका तबकडीवर शेकडो चिपा छापतात, काहींचा एखादा कोपरा खराब निघतो. तो कोपरा बंद करून चिप खालच्या नावाने विकतात. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी आणि आरएक्स ९०७० ही दोन कार्डं एकाच चिपेची आहेत. पहिल्यात ६४ विभाग चालू, दुसऱ्यात ५६. एनव्हिडियाही हेच करते. आरटीएक्स ४०९० एवढं महागडं, पण त्याच्या चिपेवरच्या १४४ विभागांपैकी १२८ च चालू होते. यात फसवणूक काही नाही. उलट अर्धी चिप फेकून दिली असती तर उरलेली आणखी महाग पडली असती.

या शर्यतीचा इतिहास दोन घोटांत सांगतो. ९० च्या दशकात थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचं व्हूडू कार्ड राजा होतं. १९९३ साली सुरू झालेल्या एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणलं, 'जीपीयू' हा शब्द घरोघरी नेला, आणि पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घ्यायचा सौदा केला. कॅनडातल्या एटीआयने रेडिऑन काढलं. ती कंपनी २००६ मध्ये ५.४ अब्ज डॉलरना एएमडीने घेतली. इंटेल मोठ्या गेमिंग कार्डांत उतरलं ते थेट २०२२ मध्ये. बाकीचे वाटेत गळाले.

भाच्याने चहाचा कप खाली ठेवला. "पण मामा, एनव्हिडियाच्या ५०६० ला ३८४० कोअर आहेत, आणि एएमडीच्या ९०६० एक्सटीला फक्त २०४८. मग एनव्हिडियाच भारी ना?"

इथे जरा थांबावं लागतं, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात.

तुमच्या मॉनिटरवर १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचे रंग ठरवायचे, आणि एका चित्राला वेळ मिळतो फक्त १६.६७ मिलिसेकंद. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण त्याचे हात सहा-आठ. द्राक्षाची विरळणी बघितली असेल तर हे पटकन कळेल. बागेचं नियोजन एक जाणकार माणूस करतो : छाटणी कधी, फवारणी कुठली. पण घडातले जास्तीचे मणी काढायला टोळीच लागते. प्रत्येक बाईच्या हातात कात्री, प्रत्येकीपुढे वेगळा घड, काम सगळ्यांचं एकच. ग्राफिक कार्ड म्हणजे ही टोळी. कोअर म्हणजे टोळीतले हात.

मग जास्त हात तिथे जास्त काम, हे एकाच टोळीपुरतं बरोबर. पण एका टोळीत प्रत्येक घडाला दोन हात लागतात आणि दुसरीत एकीच्याच दोन्ही हातांत कात्र्या, तर नुसती डोकी मोजून काय कळणार? एनव्हिडिया कोअर मोजते एका पद्धतीने, एएमडी दुसऱ्या. २०४८ कोअरचं आरएक्स ९०६० एक्सटी बहुतेक खेळांत ४६०८ कोअरच्या आरटीएक्स ५०६० टीआयच्या आसपास चालतं. इतकंच कशाला, एकाच घरातही आकडा फसवतो. एनव्हिडियाच्या २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३५८४ कोअर होते, २०२३ च्या ४०६० मध्ये ३०७२. कमी कोअरचं नवं कार्ड जास्त वेगवान निघालं, कारण त्याच्या चिपेचा ठोका बराच जलद होता आणि चिपेवरचाच मेमरीचा साठा मोठा होता. तेव्हा दोन कंपन्यांचे कोअर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याचा व्हिडिओ तिथेच बंद करावा.

त्यापेक्षा कुणी तुझ्याच खेळात, तुझ्याच रिझोल्यूशनला (पडद्यावरच्या तेवढ्याच ठिपक्यांना) मोजलेले एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते बघ, असं मी त्याला म्हटलं. आणि त्यातही सरासरीच्या खालची बारीक ओळ, 'वन पर्सेंट लो' नावाची. सरासरी म्हणजे नाशिक-पुणे प्रवासाचा सरासरी वेग. वन पर्सेंट लो म्हणजे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये काय झालं ते. खेळताना जो झटका बसतो तो तिथे दिसतो.

तो झटका बऱ्याचदा येतो मेमरीमुळे. ब्रँडच्या भांडणात हा मुद्दा कायम मागे पडतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

खेळातली भिंत, तिच्या विटा, विटांवरचं शेवाळ, पात्राच्या चेहऱ्यावरची सुरकुती ही सगळी चित्रं असतात. त्यांना टेक्स्चर म्हणतात. चिपेला ती हाताशी लागतात, म्हणून कार्डावर स्वतंत्र मेमरी असते, व्हीरॅम. ८ जीबी, १२ जीबी, १६ जीबी हे आकडे तिचे. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी आहे आणि चिप ते सेकंदाला ४४८ जीबी या वेगाने वाचू शकते. पण समज, खेळाला ९ जीबी लागले. जास्तीचा माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा मदरबोर्डवरच्या लांब खाचेतून, पीसीआयई स्लॉटमधून, आणावा लागतो.

"तुझा प्रोसेसर कुठला?"

"रायझन ५ ५६००जी."

हा प्रोसेसर चांगला आहे, त्यात स्वतःचे छोटे ग्राफिक्सही आहेत, म्हणूनच पोरगं दोन वर्षं कार्डाशिवाय खेळलं. पण त्याला पीसीआयईची तिसरी पिढीच जमते, चौथी-पाचवी नाही. आणि ५०६० त्या खाचेतल्या १६ मार्गिकांपैकी ८ च वापरतं. तिसऱ्या पिढीच्या ८ मार्गिका म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. हाताशी असलेला माल ४४८ च्या वेगाने, गोदामातला माल ८ च्या वेगाने : छप्पन्नपट हळू! सहापदरी रस्त्यावरून आलेली गाडी एकदम शेतातल्या बांधावर उतरवल्यासारखं. चित्र क्षणभर अडकतं, समोरचा गोळी घालून जातो, आणि पोरगं म्हणतं नेट स्लो आहे. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ मार्गिका वापरतं आणि त्याची १६ जीबीची आवृत्ती असली तर गोदामात जायची वेळच क्वचित येते.

'१६ जीबीची आवृत्ती' हे शब्द जपून. ९०६० एक्सटी याच नावाने ८ जीबीचंही कार्ड मिळतं, आणि खोक्यावर समोरून बघितलं तर दोन्ही जुळे भाऊ. एनव्हिडियाच्या ५०६० टीआयचंही तेच : ८ आणि १६, नाव एक. नावांचे हे खेळ जुने आहेत. २०१६ च्या जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत नुसती मेमरी कमी नव्हती, कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. त्याआधी जीटीएक्स ९७० च्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी हळू निघाला आणि अमेरिकेत एनव्हिडियाला खटला मिटवावा लागला. २०२२ मध्ये एनव्हिडियाने '४०८० १२ जीबी' जाहीर केलं. लोकांनी इतकी टीका केली की कार्ड बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप ४०७० टीआय नावाने आली. एएमडी काही साधू नाही. त्यांच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर १६ पैकी फक्त ४ मार्गिका होत्या. लॅपटॉपचं तर विचारूच नका : डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८. नाव वाचून खरेदी करणं म्हणजे 'हापूस' अशी पाटी बघून आंबा घेणं.

आता खऱ्या ब्रँडच्या फरकाकडे, कारण फरक आहेतच.

एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेत दोन गोष्टी आणल्या. एक, रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचा किरण कुठून निघाला, कुठे आपटला, याचा हिशेब करून सावल्या आणि प्रतिबिंबं काढणं. दोन, डीएलएसएस. दुसरी जास्त कामाची. पडद्यावर १०८० ओळी हव्या असल्या तरी क्वालिटी मोडमध्ये कार्ड चित्र काढतं १२८० बाय ७२० चं, म्हणजे निम्म्याहून कमी ठिपके, आणि शिकवून तयार केलेलं एआय मॉडेल उरलेले ठिपके भरतं. वेग वाढतो, चित्र जवळपास तेवढंच चांगलं राहतं. एएमडीने २०२१ मध्ये याला उत्तर म्हणून एफएसआर काढलं. ते कुणाच्याही कार्डावर चालायचं, हा मोठेपणा. पण गवत, जाळी, केस अशा बारीक जागी चित्र लुकलुकायचं. २०२५ च्या एफएसआर ४ मध्ये त्यांनीही एआयचा मार्ग धरला आणि दर्जा खूप सुधारला. पण मोठेपणा संपला : आलं तेव्हा ते अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठीच होतं. इंटेलचं असंच एक्सईएसएस आहे. तरीही डीएलएसएस जास्त खेळांत सापडतं, आणि रे ट्रेसिंगचा भारी प्रकार लावला की एनव्हिडिया अजून पुढे असते.

फ्रेम जनरेशन हा तिसरा प्रकार. जाहिरातीत 'दुप्पट एफपीएस', 'चौपट एफपीएस' दिसतं ते याचं. दोन खऱ्या चित्रांच्या मधे कार्ड स्वतः कल्पून चित्रं घुसवतं. डोळ्याला गुळगुळीत दिसतं. पण मधलं चित्र काढायचं तर पुढचं खरं चित्र तयार होईपर्यंत थांबायला हवं, म्हणजे माउस हलवल्यावर उत्तर यायला उशीरच होतो. मुळात ६०-७० एफपीएस मिळत असतील तर ही मलई. मुळात ३० असतील तर पडद्यावर १२० दिसले तरी हाताला ३० च लागतात. आणि माझा भाचा खेळतो व्हॅलोरंट, हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ, जिथे त्या उशिराचीच किंमत असते.

अभ्यासाचं काय? ताईच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर : ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन करायचं असेल, एआयचे प्रयोग घरच्या मशीनवर चालवायचे असतील, तर एनव्हिडिया घ्या आणि वाद संपवा. २००७ पासून त्यांनी कार्डाकडून चित्रांपलीकडची आकडेमोड करून घ्यायची कुडा नावाची सोय रुजवली आहे, आणि बहुतेक सॉफ्टवेअर तिच्याशीच नीट बोलतं. लिनक्सवाल्यांना मात्र एएमडीचे खुले ड्रायव्हर (कार्ड आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) सुखाचे. मी भाच्याला डोळ्यात डोळे घालून विचारलं, "ब्लेंडर वापरतोस?" तो म्हणाला, "वापरणार आहे." मी विषय सोडला.

इंटेलचं आर्क बी५८० त्याच्या यादीत तळाला होतं. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी, हा भाव ऐकून मलाही मोह झालेला. पण इंटेलच्या ड्रायव्हरला प्रोसेसरकडून जास्त मेहनत लागते. नव्या ताकदवान प्रोसेसरसोबत ते छान पळतं, जुन्या मधल्या प्रोसेसरसोबत दम टाकतं. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) चालू असणं जवळपास सक्तीचं. ५६००जीला ते जमतं, पण जोडी शोभणारी नव्हे. नवं मशीन बांधणाऱ्याने आर्कचा विचार जरूर करावा.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या दर महिन्याच्या पाहणीत साधारण चारातले तीन गेमर एनव्हिडियावर दिसतात. त्यामुळे दुकानदारही तेच पुढे करतो. चूक त्याची नाही. तो विकला जाणारा माल ठेवतो.

दुपारी आम्ही ताईकडे गेलो, मशीन उघडायला. कॅबिनेटचं झाकण काढलं, ताईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला आणि मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्डडिस्कच्या खोक्यापर्यंत मोजलं : साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. भाच्याच्या आवडीचं तीन पंख्यांचं कार्ड तीस सेंटिमीटरचं. त्याचा चेहरा पडला. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वाकून बघितला. बाहेर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे ५०० च्या पाटीआड कामाचे वॅट २१६. एकट्या ९०६० एक्सटीच्या १६ जीबी आवृत्तीला १६० लागतात. एसएमपीएस बदलायचा ठरला, आणि "तेवढं मामाकडून" असं ताईने परस्पर जाहीर केलं.

यूपीएसही बघितला, कारण त्यात माझे हात भाजलेत. काही वर्षांपूर्वी मी कार्ड घेतलं आणि खेळ सुरू झाला की पाच मिनिटांत मशीन बंद. कार्ड खराब, अशी माझी खात्री. वॉरंटीत पाठवलं, तीन आठवडे वाट बघितली, दुकानदाराला नको ते बोललो. कार्ड परत आलं, सोबत चिठ्ठी : दोष नाही. दोष माझ्या ६०० व्हीएच्या यूपीएसचा होता. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि वर स्पीकर लावल्यावर तो बिचारा हात टेकत होता. दुकानदाराकडे पुढच्या वेळी चिवडा घेऊन गेलो.

वीजबिलाची भीती मात्र ताईने उगाच धरली होती. ५०६० खातं १४५ वॅट, ९०६० एक्सटी १६०. रोज चार तास खेळला तरी फरक महिन्याला दोन युनिटही नाही. हां, तीनशे-चारशे वॅटची मोठी कार्डं घेणाऱ्याने हिशेब करावा : १०० वॅटच्या फरकाला तेवढ्याच खेळात महिन्याला १२ युनिटं.

भावाचं गणित असं करायचं. अमेरिकेतला जाहीर भाव कराशिवाय असतो. डॉलर २०२५ च्या मध्यासारखा ८५ रुपये धरला तर २९९ डॉलरला आलेल्या ५०६० चे २५,४१५ होतात. वर १८ टक्के जीएसटी लावला की जवळपास ३०,०००. ९०६० एक्सटी १६ जीबीचे ३४९ डॉलर याच गणिताने ३५,००० ला पोचतात. दुकानातला भाव याच्या दोन-तीन हजार इकडेतिकडे असेल तर ठीक. त्याहून बराच वर असेल तर थांबा किंवा दुसरं दुकान बघा. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, त्याची झळ जास्त मेमरीच्या कार्डांना आधी लागते.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन हजार रुपये वाचवायचे का, हे भाच्याने विचारलंच. जाण्यायेण्याचं भाडं धर, आणि कार्ड बिघडलं तर पुन्हा कसारा घाट चढ-उतर. शरणपूर रोडच्या दुकानात जीएसटी बिल घेतलं, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला, की वॉरंटीची तीन वर्षं निर्धास्त. सेकंडहँड स्वस्तात मिळतं, पण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून नाणी कमावणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं पोत्याने बाजारात आली, त्यांतली काही अजून फिरताहेत. घ्यायचंच तर समोर लावून, अर्धा तास भारी खेळ चालवून, आणि जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तपासून घ्यावं. जुन्या चिपेला नव्या कार्डाचं नाव चिकटवून विकणारेही असतात.

मॉनिटर राहिलाच की. त्याचा होता १०८० ओळींचा, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. त्याला ९०७० एक्सटीसारखं मोठं कार्ड म्हणजे गल्लीत ट्रक. ५०६० पुरलं असतं, पण ८ जीबी आणि जुनी पीसीआयई यांची जोडी मला पटेना. दोन पंख्यांचं, चोवीस सेंटिमीटरचं, १६ जीबीचं ९०६० एक्सटी घेतलं. छत्तीस हजारांना थोडं वर. दुकानदाराने शेवटपर्यंत "सर, एनव्हिडिया बघा ना" म्हणून बघितलं. भाच्याने खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसताना एकदा मागे वळून एनव्हिडियाच्या हिरव्या खोक्यांकडे पाहिलं, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

रात्री साडेदहाला फोन. आवाज रडवेला.

"मामा, वीसच एफपीएस येतायत. आधी होते तेवढेच! मी म्हणत होतो ना, एनव्हिडियाच घ्यायला हवं होतं."

"ड्रायव्हर टाकलेस?"

"हो. दोनदा."

"कॅबिनेटच्या मागे बघ. मॉनिटरची केबल कुठे लावलीस? वर मदरबोर्डाला, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या ग्राफिक्सला, की खाली कार्डाला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग टॉर्च लावल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"मामा, ठेवतो मी. आई हाक मारतेय."